घोड्याचे मागचे पाय

दि. ९, गुरुवार
मुक्काम : पाववाल्या बाईंच्या घरी, वरची खोली

प्रिय धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इथे सुखरूप पोचलो. तुझी तब्येत बरी असेल आणि पाठीचं दुखणं कमी झालं असेल असं धरून चालते, कारण विचारायला गेलं तर तू फोन उचलत नाहीस. पाच महिने झाले. शेवटी म्हटलं पत्रच लिहावं. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते बंदही करता येत नाही.

प्रवास कसा झाला ते विचारू नकोस. ह्यांनी मोठ्या मनाने खिडकीची जागा मला दिली आणि मग रस्ताभर माझ्या अंगावरून वाकून स्वतःच बाहेर बघत बसले. निवृत्त झाल्यापासून तुझ्या भावोजींच्या अंगात नुसता उत्साह भरलाय. तीस वर्षं लोकांचे विजेचे मीटर तपासताना तो कुठे कोंडून ठेवला होता कोण जाणे. "तुला हवापालट हवा आहे" म्हणून महिनाभर माझ्या मागे लागले होते, शेवटी कंटाळून मी हो म्हटलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा आपल्या स्वयंपाकघराला पंधरा दिवस कुलूप लागलंय. डबे घेणाऱ्या मंडळींना आधीच कळवलं होतं. कुणी फारशी कुरकुर केली नाही. ते जरा लागलंच मला, पण जाऊ दे.

खोली बरी आहे. खाली बेकरीची भट्टी आहे, त्यामुळे फरशी सदा कोमट असते आणि सकाळी उठून पाय टेकवायला छान वाटतं. पाववाल्या बाई एकट्याच राहतात. पन्नाशीच्या असतील, पण दंड माझ्या मांडीएवढे आहेत, आणि आवाज असा की जिन्यात बोलल्या तरी खोलीतला पेला थरथरतो. कणीक मळताना त्यांच्यासमोर उभं राहायची माझी छाती नाही.

खाण्याचं मात्र लिहायला हवं, नाहीतर तू म्हणशील ताई एवढी लांब गेली आणि काय खाल्लं त्याचा पत्ता नाही. इथे सकाळपासून गल्लीत खाण्याच्या गाड्या लागतात. तांदळाच्या पिठाची एक पातळ गुंडाळी मिळते, इतकी कुरकुरीत की मोडली की शेजारच्या बाकावरचा माणूस वळून बघतो. आत भाज्या असतात, लाल, हिरव्या, पांढऱ्या. चिरणाऱ्याचा हात चांगला बसलाय, सगळे तुकडे एका मापाचे. निखाऱ्यावर मासा भाजून देतात, त्याची कातडी फुग्यासारखी उठते आणि बोट लावलं की फुटते. एक गोडाचा प्रकार आहे, बाहेरून टणक आणि आत कढत पाक. त्याने माझी जीभ भाजली आणि मला फार बरं वाटलं. का ते विचारू नकोस.

हे प्रत्येक घासाला डोळे मिटून "वा" म्हणतात आणि मग डोळे उघडून माझ्याकडे बघतात. "कसं लागतंय?" गरम आहे, म्हटलं. पाच मिनिटांनी पुन्हा, "हे कसं लागतंय?" मऊ आहे, म्हटलं. माणसाला निवांत जेवू देत नाहीत. आणि पाववाल्या बाईंची वेगळीच तऱ्हा. मी डबे करते हे ह्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं, तेव्हापासून त्या रोज पावाचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणतात, ओळखा यात काय घातलंय. काल डोकं दुखतंय म्हणून सुटले. आज दात दुखतोय म्हटलं. उद्यासाठी काहीतरी शोधावं लागेल.

आता मुख्य वैताग सांगते. रविवारी या गावात म्हणे मोठी धाव आहे. गावात आग विझवायला पगारी माणसं नाहीत, दुकानदार, शिंपी, मास्तर असे लोकच आपणहून ते काम करतात. त्यांचा पंप जुना झालाय, नवीन घ्यायचाय, म्हणून ही धाव. पण नीट धावतील तर शपथ. प्रत्येकाने सोंग घेऊन धावायचं. कुणी टोमॅटो होतो, कुणी दाढीवाली नवरी. पिपाण्या, पत्र्याचे डबे, शिट्ट्या, असा सगळा दंगा. पाववाल्या बाई त्या समितीत आहेत. त्यांनी विचारलं आणि ह्यांनी माझ्याकडे न बघता दोघांची नावं दिली.

सोंग कसलं, तर घोड्याचं. दोन माणसांचा एक घोडा. पुढचे पाय आणि तोंड ह्यांचं, मागचे पाय माझे. मी म्हटलं, पुढे मी का नाही? तर म्हणाले, मागे वाकून चालावं लागतं आणि माझी पाठ धरते. म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची माझी पाठ लोखंडाची आहे. जुन्या पडद्याचं कापड आहे, आत अंधार, वर हातभर लांब सुतळीची शेपटी. काल तालीम झाली. मला ह्यांच्या कमरेच्या पट्ट्याखेरीज काही दिसत नव्हतं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, आता एवढंच बघायचं राहिलं होतं.

घरचं म्हणशील तर, डबे हल्ली अर्धे भरलेलेच परत येतात. लोकांच्या सवयी बदलल्यात. रस्सा मीच करते, मापं सगळी पाठ आहेत, काही अडत नाही.

जाता जाता एक सांगते. त्या दिवशी जे झालं ते मी मनात ठेवलेलं नाही. गॅस बंद करायला कोण कधी विसरत नाही? आपल्या कामवाल्या दोघींसमोर मी जरा चढ्या आवाजात बोलले, मान्य आहे. पण तू तेवढ्यावरून अ‍ॅप्रन खुंटीला लावून निघून गेलीस आणि सरळ त्या कचेरीच्या उपाहारगृहात नोकरी धरलीस, हे काही बरं केलं नाहीस. मी मोठी आहे, मी विसरायला तयार आहे. तूही विसर.

बाकी सर्व क्षेम.

तुझी,
ताई


दि. १२, रविवार, दुपार
मुक्काम : तोच

प्रिय धाकटे,

गुरुवारचं पत्र तुला मिळालं असेल तर त्याचा शेवटचा परिच्छेद वाचला नाहीस असं समज. मिळालं नसेल तर ते आल्यावर शेवटचं पान वाचू नकोस. खरं तर असं सांगून काही उपयोग नाही, तू वाचणारच. मीही वाचलं असतं.

आजचं सगळं क्रमाने सांगते. अधूनमधून सांगत बसले तर माझा धीर सुटेल.

सकाळी आठला चौकात जमायचं होतं. गर्दी एवढी की सोंगं कोण आणि बघे कोण ते कळेना. आमच्या पुढे सहा टोमॅटो होते, कापडात गवत भरून गुबगुबीत झालेले, आणि मागे एक पाच माणसांचा अजगर. आगवाल्या मंडळींनी आपली जुनी गाडी धुवून पुसून वाटेवर उभी केली होती, लोकांना दिसावी म्हणून. पाववाल्या बाई कोंबडी झाल्या होत्या आणि हातात दानाचा डबा घेऊन सगळ्यांच्या अंगावर धावून जात होत्या. कुणाची नाही म्हणायची टाप नव्हती.

शिट्टी झाली आणि आम्ही निघालो. मी वाकलेली, दोन्ही हातांनी ह्यांचा पट्टा धरलेला, वरून कापड. पोरांनी पाठीवर चापट्या मारल्या त्या सगळ्या मला बसल्या, कारण घोड्याची पाठ म्हणजे मी. ह्यांचं तोंड बाहेर, त्यामुळे ते सगळ्यांशी बोलत चालले होते. मध्येच नाचायला लागायचे. पुढचे पाय नाचले की मागच्यांना नाचावंच लागतं. मी आतून सांगितलं की घरी गेल्यावर मी तुमच्याशी आठ दिवस बोलणार नाही. ते म्हणाले, काय? ऐकू येत नाही.

बाजाराच्या वळणावर टोमॅटो एकमेकांत अडकून पडले आणि सगळी मिरवणूक थांबली. "मागे सरका" असा आरडाओरडा झाला. आता घोड्याला मागे सरकायचं म्हणजे सरकणार मी, आणि मला तर काही दिसत नाही. मी चार पावलं मागे गेले. तिथे एक माणूस शेगडीवर कणसं भाजत होता. माझी शेपटी त्याच्या निखाऱ्यावर जाऊन बसली.

सुतळी कशी जळते तुला माहीत आहे. आधी नुसती धुमसते. पिपाण्यांच्या आवाजात लोकांचं ओरडणं कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी मला वाटलं असतं नेहमीचाच दंगा चाललाय. हे कापडाच्या आत तोंड घालून म्हणाले, "अगं, काहीतरी जळतंय." मी म्हटलं, माझं डोकं जळतंय. ते म्हणाले, "गंमत नाही, सुतळी जळतेय, तुला वास येत नाही का?"

धाकटे, माझ्या मागे दीड फुटावर जाळ होता, आणि मी म्हटलं, "येतोय की. मी तुमच्यासारखं नाटक करत नाही."

नंतर पोटरीला चटका बसला तेव्हा कळलं. मी किंचाळले. ह्यांनी कापड ओरबाडून काढायचा प्रयत्न केला, पण बंद मागून बांधलेले होते. आगवाले धावले. गाडी जवळच होती, नळी सोडली, आणि तिच्यातून पाण्याची एक करंगळीएवढी धार निघून जागच्या जागी जमिनीवर पडली. पंप जुना झालाय असं ते सांगत होते त्यात काही खोटं नव्हतं. शेवटी सरबतवाल्याने आपलं पिंप उचललं आणि बर्फासकट माझ्यावर ओतलं. त्याच्यानंतर पाववाल्या कोंबडीने मला ओढून बाहेर काढलं.

लोकांना वाटलं हे सोंगाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. दानाचे डबे भराभर भरले, कारण पंपाची दशा सगळ्यांनी डोळ्यांनी बघितली होती. आम्हाला सर्वांत धाडसी सोंगाचं बक्षीस दिलं, एक पितळी शिट्टी. ह्यांनी ती घेतली, पण वाजवली नाही. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

मला बेकरीत आणून बसवलं. पोटरीवर बटणाएवढा फोड आलाय, बाकी काही नाही, काळजी करू नकोस. पाववाल्या बाईंनी मलम लावलं, टॉवेल दिला, आणि माझ्यासमोर स्टूल घेऊन बसल्या. कोंबडीचे पाय अजून पायातच होते. त्यांनी आवाज एकदम खाली आणला. म्हणाल्या, "बाई, तुमचं नाक कधीपासून गेलंय?"

मी म्हटलं, काहीतरीच काय. त्या म्हणाल्या, शुक्रवारी माझ्या भट्टीत पावांची एक अख्खी ताटली जळून कोळसा झाली. समोरचा दुकानदार दार लावून बसला. तुम्ही भट्टीसमोर बसून भाजी निवडत होतात, आणि मला म्हणालात, आज काय भाजताय?

मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं हे नेहमीसारखे काहीतरी बोलून वेळ मारून नेतील. हे घोड्याचं मुंडकं मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "दहा महिने मी खारट भाजी गप्प खातोय. कधी खारट, कधी अळणी. मला वाटलं धाकटी गेली म्हणून तू माझ्यावर राग काढतेस." मग बोटांवर महिने मोजले आणि म्हणाले, "पण धाकटी जाऊन पाचच महिने झालेत."

मग त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या दिवशी गॅस..."

मी टॉवेलात तोंड लपवलं. त्यांना जे कळायचं ते कळलं. उठून बाहेर गेले आणि बराच वेळ ओट्यावर पाठ करून बसून राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता तुला सांगते. गेल्या थंडीत मला ताप आला होता, आठवतं? तू आठ दिवस एकटीने डबे काढलेस. तापातून उठले तेव्हा तुझ्या हातचा रस्सा समोर आला आणि तो नुसता गरम होता. वाटलं, तोंड कडू झालंय, येईल चार दिवसांत. चार दिवसांनी आलं नाही. महिन्यानेही नाही. डॉक्टरकडे गेले नाही, कारण डॉक्टर म्हणाला असता कायमचं गेलं, तर मग मी कोण? फुलांचा वास गेला असता तर मी रडून मोकळी झाले असते. पण माझं सगळं नाव त्या नाकाजिभेवर आहे. ताई लांबून वासावरून सांगते भाजीत काय कमी आहे, असं तूच लोकांना कौतुकाने सांगायचीस.

तुला सांगितलं असतं तर तू रोज गुपचूप चाखून दिलं असतंस आणि कुणाला पत्ता लागला नसता. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तुला मीठ किती घालायचं ते मी शिकवलं. नऊ वर्षांची होतीस, पाटावर उभी राहून ढवळायचीस. आता तुला विचारून मीठ घालायचं, ते माझ्याच्याने होईना. मापांवर चालवलं. रंग बघून, उकळीचा आवाज ऐकून चालवलं. आणि जमतंय असं स्वतःला सांगत राहिले.

त्या दिवशी मोठ्या शेगडीवर भात होता. उतू गेला असेल आणि ज्योत विझली असेल. ती शेगडी मी लावली होती. आपल्या दोघी मागच्या अंगणात भांडी घासत होत्या, तू बाजारात गेली होतीस. मी अर्धा तास तिथेच कांदा चिरत होते, दारं-खिडक्या बंद, कारण वाऱ्याने ज्योत हलते. मला काहीही कळलं नाही. मग फोडणीसाठी लहान शेगडीकडे वळले. लायटर माझ्या हातात होता, धाकटे. अंगठा त्याच्यावर होता. तू दारातून ओरडलीस आणि एवढ्या जोरात येऊन माझं मनगट धरलंस की दुसऱ्या दिवशी काळंनिळं पडलं होतं. मी लांब बाह्यांचा ब्लाऊज घालून ते झाकलं. मग तू कॉक बंद केलास, खिडक्या उघडल्यास, सिलिंडर एकटीने फरफटत अंगणात नेलास आणि तिथेच पाठ धरून खाली बसलीस.

आणि मी त्या दोघींसमोर म्हटलं, "तुझं हल्ली लक्ष कुठे असतं? तूच चालू ठेवून गेलीस ना?"

तू माझ्याकडे बघितलंस. तू काहीच बोलली नाहीस. मला अजून कळत नाही की तुला त्या वेळी सगळं कळलं होतं का. कळलं असेल आणि तरी तू गप्प बसली असशील, तर ते मला जास्त जड जातं.

मी घाबरले होते. घाबरलेलं माणूस हातात येईल ते समोरच्यावर फेकतं, माझ्या हाताशी तू होतीस. हे कारण म्हणून सांगत नाही. पाच महिने मी तुला माफ करत होते, त्याची मला आज एवढी लाज वाटते की या खोलीत दुसरं कुणी नसतानाही मी तोंडावर पदर घेतलाय.

पुढचं ठरवलंय ते असं. ह्यांनी फोन करून घराजवळच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, त्याला काय सांगायचं ते सांगू दे. सोमवारी, वीस तारखेला, मी सकाळी सातला स्वयंपाकघर उघडेन, पण शेगडी पेटवणार नाही. दोघी कामाला आल्या की त्यांना समोर बसवून त्या दिवशी काय झालं ते सांगेन. त्यांच्यासमोर बोलले होते, त्यांच्यासमोरच परत घ्यायला हवं. डबे घेणाऱ्या प्रत्येक घरी जाऊनही सांगणार आहे, की रस्सा बिघडला तो माझ्यामुळे, आणि धाकटी गेली तीही माझ्यामुळे. हे म्हणाले, घरोघरी कशाला, चिठ्ठ्या पाठवू. मी म्हटलं, एकदा घोडा होऊन गावभर फिरलेच आहे, आता कसली लाज.

तू परत ये, असं मी म्हणत नाही. ते विचारायचा अधिकार मला उरलेला नाही. उपाहारगृहात तुझा चांगला जम बसलाय असं ऐकते. तिथे तुझ्यावर कुणी ओरडत नसेल. पाठीवर उपचार कर, वजन उचलू नकोस.

आज दुपारी जेवायला बसलो तेव्हा ह्यांनी पहिल्यांदाच "कसं लागतंय" असं विचारलं नाही. ताटातल्या एकेका पदार्थावर बोट ठेवून सांगत बसले, हे आंबट आहे, हे जरा तुरट, यात मिरी लागतेय. निम्मं चुकीचं सांगत असणार, कारण तुझ्या भावोजींना आंबट आणि तुरट यातला फरक आयुष्यात कळला नाही. ऐकून ऐकून वैताग आला. मध्येच म्हटलं, पुरे. तर मान हलवून एक घास खाल्ला आणि पुन्हा सुरू झाले. मी ताटातलं सगळं संपवलं.

हे पत्र ह्यांना वाचायला दिलं. त्यांनी फक्त एक सुचवलं, की मुख्य गोष्ट एका ओळीत, गोल न फिरवता लिही. म्हणून लिहिते : त्या दिवशी गॅस मी चालू ठेवला होता, तू माझा जीव वाचवलास, आणि मी खोटं बोलले. खाली सही करते आहे. हे पान तुला ज्याला दाखवायचं त्याला दाखव.

तुझी,
खोटं बोललेली
ताई